आपण बाहेर, कुत्रा घरात: छोट्या कुत्र्यासाठी सुरक्षित जागा

पॉमेरेनियन, शिट्झू, पग, लासा, डॅशहंड ही कुत्री फ्लॅटमध्ये आणताना बहुतेकांचा हिशेब एकच असतो: लहान चणीचं आहे, घरात मावेल. पुढे दोघंही नोकरीवर, मुलं शाळेत आणि घराला कुलूप लावायची वेळ आली की प्रश्न पडतो, आता याला ठेवायचं कुठे? कोणी बाल्कनीत बांधून जातं, कोणी बाथरूममध्ये ठेवतं, कोणी अख्खं घर मोकळं सोडतं. तिन्हींमध्ये लहान कुत्र्याच्या जिवाला धोका आहे आणि तो टाळता येतो.

लहान कुत्र्याला घरातच एक ठरलेली, मोजूनमापून बंदिस्त केलेली जागा हवी. ती त्याला शिक्षा वाटता कामा नये, तिथे त्याला निवांत झोप लागली पाहिजे. आणि ती जागा व तिची सवय, दोन्ही गोष्टी गरज पडण्याच्या आधी तयार हव्यात. बहुतेक घरांत नेमकं इथेच चुकतं. कुत्र्याला पहिल्यांदा बंद केलं जातं ते थेट आठ तासांसाठी.

आधी या तीन गोष्टी थांबवा

बाल्कनी: कठड्याच्या गजांमधलं अंतर माणसांचा विचार करून ठेवलेलं असतं. चार किलोच्या पॉमेरेनियनचं अंग म्हणजे निम्मे केसच. जिथून त्याचं डोकं जातं, तिथून बहुतेक वेळा बाकीचं अंगही जातं. समोर कबुतर बसलं किंवा खाली दुसरा कुत्रा भुंकला की तो त्या फटीत घुसतोच. साखळीने बांधलं तर धोका आणखी वाढतो, कारण कुंडीवर चढून कठड्यापलीकडे उडी मारली आणि साखळी आखूड पडली, तर गळफास बसतो. त्यात उन्हाची भर. सकाळी नऊला सावलीत असलेला कोपरा दुपारी दोनला तापलेला असतो आणि तेव्हा बघायला घरी कोणी नसतं.

बाथरूम: ओली गुळगुळीत फरशी, फिनेल-अ‍ॅसिडच्या बाटल्या, भरलेली बादली आणि बंद दारामागची कोंदट हवा. पिल्लू बादलीत डोकावताना आत पडलं, तर तिच्या निसरड्या कडांवरून त्याला वर येता येत नाही.

मोकळं घर: टॉय जातींची हाडं बारीक असतात. सोफ्यावरून किंवा पलंगावरून फरशीवर उडी मारताना पिल्लाच्या पुढच्या पायाचं हाड मोडणं पशुवैद्यांना नवं नाही. डॅशहंडच्या मणक्यांमधल्या चकत्या कमी वयातच कमजोर होतात. उडी मारताना एखादी सरकली, तर मागचे पाय लुळे पडू शकतात. शिवाय चार्जरच्या वायरी, कचऱ्याचा डबा, औषधांची पाकिटं, उघडी खिडकी हे सगळं असतंच. पूर्ण वाढलेल्या, शांत आणि घराला सरावलेल्या कुत्र्याला पुढे मोकळं ठेवता येईल, पण ती पायरी शेवटची.

क्रेट, प्लेपेन की खोली?

क्रेट म्हणजे लोखंडी जाळीचा किंवा प्लॅस्टिकचा पिंजरा. प्रवासात, ऑपरेशननंतरच्या विश्रांतीत, रात्रीच्या झोपेसाठी तो चांगला. पण दार लावून त्यात दिवसभर ठेवणं चूक. कुत्र्याला पाय मोकळे करता येत नाहीत आणि शी-शूला वेगळी जागा उरत नाही. सवय झालेल्या मोठ्या कुत्र्यालाही दिवसा बंद क्रेटमध्ये तीन-चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

प्लेपेन म्हणजे सहा-आठ जाळीदार भागांचं घडीचं कुंपण. छोट्या कुत्र्यांसाठी मला हाच पर्याय सर्वांत योग्य वाटतो. आत चालता-फिरता येतं, झोपायची आणि शी-शूची जागा वेगळी ठेवता येते, हवा खेळती राहते. क्रेट घेतलेलाच असेल तर त्याचं दार उघडं बांधून तो प्लेपेनच्या आत ठेवा. कुत्र्याला शिरून झोपायला गुहा मिळते आणि बाहेर यायची मोकळीकही राहते.

खोली द्यायची असेल तर दार लावून घेण्याऐवजी चौकटीत बेबी गेट बसवा. बंद दार खरवडून कुत्र्यांची नखं तुटतात. गेटमधून पलीकडचं दिसत असल्याने बरीच कुत्री शांत राहतात. मात्र गेटच्या उभ्या सळ्यांमधलं अंतर आणि खालची फट आधी तपासा, कारण ती बाळाच्या मापाची असते.

मापं आणि तपासणी

क्रेटसाठी कुत्र्याची लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा आणि त्यात साधारण १० सेंटिमीटर मिळवा. उंची तो बसलेला असताना मोजा आणि डोक्यावर थोडी जागा सोडा. त्याला आत सरळ उभं राहता आलं पाहिजे, गोल फिरता आलं पाहिजे आणि पाय ताणून आडवं होता आलं पाहिजे. पाच-सहा किलोच्या बहुतेक कुत्र्यांना २४ इंची क्रेट पुरतो.

प्लेपेन निदान ४ बाय ४ फुटांचा घ्या. उंची ३० इंच असेल तर बहुतेक छोटी कुत्री उडी मारून बाहेर पडत नाहीत, पण काही पिल्लं जाळीला पंजे अडकवून शिडीसारखी वर चढतात. असं पिल्लू असेल तर आडव्या सळ्या नसलेलं किंवा वरून झाकता येणारं कुंपण घ्या. पलंग, उशा, क्रेट यांपैकी काहीही कुंपणाच्या कडेला नको, तीच त्याची पायरी होते.

कुंपण उभं केलं की कुत्र्याला आत सोडण्याआधी स्वतः जमिनीवर बसा आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघा. दोन सळ्यांमध्ये तुमची किती बोटं सहज जातात? पिल्लासाठी दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. डोकं, पंजा आणि खालचा जबडा या तिन्हींपैकी काहीही अडकता कामा नये. दाराची कडी नाकाने वर ढकलली तर उघडते का, ते स्वतः ढकलून बघा आणि वर-खाली दोन कड्या असलेलं दार निवडा. मग कुंपणाला एक जोराचा धक्का द्या. गुळगुळीत टाइल्सवर ते सरकतं आणि कोपऱ्यात फट पडते. खाली रबरी मॅट अंथरा आणि दोन बाजू भिंतीला लागतील असं ते कोपऱ्यात बसवा. मॅटमुळे कुत्र्याचे पाय घसरत नाहीत, हा दुसरा फायदा. शेवटी हात लांब करून कुंपणाबाहेर काय काय हाताला लागतं ते बघा. पडदा, टेबलक्लॉथ, वायर, कुंडी यांतलं काही हाताला लागलं, तर उद्या ते कुत्र्याच्या दाताला लागेल.

आत काय ठेवाल, काय काढाल

एका कोपऱ्यात बिछाना, त्याच्या विरुद्ध टोकाला शी-शूचा पॅड किंवा ट्रे, मधे पाणी. पाण्याची वाटी जड स्टीलची किंवा चिनी मातीची असावी, नाहीतर जाळीला अडकवता येणारी. ती एकच ठेवू नका, एक सांडली तर दुसरी हवी. बिछाना कुरतडणारं पिल्लू असेल तर कापसाची गादी नको, जुनी जाड चादर पुरे. गिळलेला कापूस किंवा स्पंज आतड्यात अडकला तर ऑपरेशनच करावं लागतं.

आत सोडण्याआधी गळपट्टा, हार्नेस, घुंगरू, स्वेटर सगळं उतरवा. गळपट्ट्याची कडी जाळीत अडकली की कुत्रा घाबरून मागे ओढतो, पट्टा आवळला जातो आणि सोडवायला कोणी नसतं. ही काळजी घ्यायला काही सेकंद लागतात, म्हणून ती एकदाही चुकवू नका.

खेळणं त्याच्या तोंडात पूर्ण मावणार नाही एवढं मोठं आणि अखंड रबराचं असावं. आत पोकळी असलेल्या रबरी खेळण्यात त्याचंच रोजचं खाणं, शिजवलेला भोपळा किंवा थोडा दहीभात भरून फ्रीजरमध्ये ठेवा. ते चाटत बसण्यात त्याचा सुरुवातीचा अस्वस्थ वेळ निघून जातो. हाडं, चामड्याच्या काड्या आणि शिट्टी वाजणारी खेळणी तो एकटा असताना देऊ नका.

घरातली विषं

कुंपण कितीही पक्कं असलं तरी कधीतरी कुत्रा बाहेर पडणार, हे धरून घर आवरा. चॉकलेट, कांदा-लसूण आणि द्राक्षं कुत्र्याला घातक आहेत. द्राक्षांइतकेच बेदाणे आणि मनुकाही, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणून बेदाणे घातलेला प्रसादाचा शिरा खालच्या पाटावर ठेवू नका. साखरविरहित च्युइंगममधल्या झायलिटॉलने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने घसरते. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलसारख्या आपल्या रोजच्या गोळ्या त्याला विषासमान आहेत, आणि तीन-चार किलोच्या जिवाला एखादी गोळीसुद्धा भारी पडू शकते.

उंदराच्या औषधाबाबत विशेष सावध राहा. रक्त गोठू न देणाऱ्या प्रकारात खाल्ल्यावर दोन-तीन दिवस कुत्रा अगदी ठीक दिसतो आणि मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट बघू नका, पाकीट घेऊन पशुवैद्याकडे जा. डांबराच्या गोळ्या, कापूर, डास पळवणाऱ्या लिक्विडची बाटली हेही आवाक्याबाहेर हवं. कुंड्यांमध्ये कण्हेर असेल तर ती हलवाच, तिचा प्रत्येक भाग हृदयावर परिणाम करतो. सायकस यकृताला घातक आहे, तर मनी प्लांट आणि डिफेनबेकिया चावल्यास तोंडाची आग होते आणि सूज येते. देवापुढे समई किंवा निरांजन तेवत ठेवून घर बंद करू नका.

उन्हाळा आणि वीज

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरचा आणि श्वासमार्गातला ओलावा उडवून शरीर थंड ठेवतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा ओलावा लवकर उडत नाही, म्हणून पारा ३३ असतानाही तिथला कुत्रा धापा टाकून दमतो. पग आणि शिट्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा श्वासमार्गच अरुंद, त्यांना उष्माघाताचा धोका सर्वांत जास्त. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०५च्या पुढे गेलं की ती आणीबाणी समजावी.

म्हणून कुंपण घरातल्या सर्वांत थंड खोलीत लावा, पश्चिमेच्या खिडकीपाशी कधीच नको. एसी लावून जात असाल तर वीज गेल्यावर काय होईल याचा विचार आधी करा. एसी बंद पडलेली, खिडक्या लावलेली खोली लवकर तापते. पंखा इन्व्हर्टरवर असावा आणि जाळी लावलेली एखादी खिडकी उघडी राहावी. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत कूलरशिवाय भागत नाही, पण कूलरच्या पत्र्यात करंट उतरण्याचे अपघात दर उन्हाळ्यात होतात. कूलर, त्याची वायर आणि त्याचं गळणारं पाणी कुंपणापासून लांब ठेवा. पाण्याच्या वाटीत बर्फाचे दोन-तीन खडे टाकले तर काही वेळ पाणी गार राहतं.

किती तास?

पिल्लासाठी एक ढोबळ नियम पशुवैद्य सांगतात: वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास ते लघवी धरू शकतं. म्हणजे तीन महिन्यांचं पिल्लू फार तर चार तास, तेही सगळं जुळून आलं तर. शिवाय अगदी लहान टॉय पिल्लांना फार वेळ उपाशी ठेवलं तर त्यांच्या रक्तातली साखर उतरते. ती सुस्त पडतात, लटपटतात, झटकेही येऊ शकतात. चार महिन्यांखालचं पिल्लू दिवसभर एकटं ठेवायचंच नाही.

मोठ्या कुत्र्याला, पॅड आणि पाण्यासह प्लेपेनमध्ये, सलग चार ते सहा तास ही मर्यादा समजा. ऑफिस आणि ट्रॅफिक धरून तुम्ही दहा तास बाहेर असाल, तर दुपारी कोणीतरी यायलाच हवं: शेजारच्या काकू, कॉलेजमधला मुलगा, पगारी डॉग वॉकर किंवा स्वयंपाकाच्या मावशी, त्यांना कुत्र्याची भीती नसेल आणि या कामाचे वेगळे पैसे तुम्ही देणार असाल तर. त्यांना एक गोष्ट बजावून सांगा: मुख्य दार लावल्याशिवाय कुंपणाचं दार उघडायचं नाही. छोटी कुत्री पळून जातात ती बहुतेक वेळा अशाच उघड्या दारातून.

सवय कशी लावायची

पहिले काही दिवस कुंपणाचं दार उघडंच ठेवा. त्याचं रोजचं जेवण आत द्या, आवडती खेळणी आत ठेवा. तो आपण होऊन आत जाऊन पडायला लागला की खाताना दार लावा आणि खाणं संपायच्या आत उघडा. मग तुम्ही त्याच खोलीत बसलेले असताना पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग तुम्ही स्वयंपाकघरात. मग जिन्यापर्यंत जाऊन परत. मग वाण्याकडे जाऊन परत. प्रत्येक पायरीवर तो शांत राहिला तरच पुढची पायरी घ्या, केकाटला तर एक पायरी मागे या. काही कुत्री हे आठवड्यात शिकतात, काहींना दोन महिने लागतात. घाई केली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

किल्ल्यांचा आवाज, बूट, ऑफिसची बॅग यांवरून कुत्रा तुमचं जाणं ओळखतो आणि तेव्हापासूनच बेचैन होतो. सुट्टीच्या दिवशी किल्ल्या उचला आणि सोफ्यावर जाऊन बसा, बूट घाला आणि चहा करा. या खुणांचा अर्थ त्याच्यासाठी हळूहळू पुसट होतो.

चिडून त्याला कधीही कुंपणात टाकू नका. रागावून एकदा जरी आत ढकललं, तरी गोडीने लावलेली सवय बिघडायला तेवढं पुरेसं असतं.

रोज निघताना

आधी फिरवून आणा, म्हणजे पोटही मोकळं होतं आणि अंगही थकतं. खाणं निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. गळपट्टा काढा, पाणी भरा, पंखा लावा, दोन्ही कड्या लागल्याची खात्री करा. भरलेलं खेळणं हातात शेवटी घ्या, ते आत ठेवा आणि काही न बोलता निघा. लांबलचक निरोपाने तो जास्त अस्वस्थ होतो. परत आल्यावरही तेच: तो नाचत असेल तर क्षणभर थांबा, चारही पाय जमिनीवर टेकले की दार उघडा आणि आधी शी-शूला न्या. लाड त्यानंतर हवे तेवढे करा.

तो मागे काय करतो, हे बघा

शेजाऱ्यांची तक्रार येण्याची वाट बघू नका. जुना मोबाइल कपाटावर उभा करून पहिल्या तासाचं रेकॉर्डिंग करा. दोन-चार वेळा भुंकून, खेळणं चाटून तो झोपी गेला, तर तुमची व्यवस्था बरोबर आहे. पण तुम्ही गेल्यापासून तो सलग विव्हळत असेल, छाती लाळेने भिजत असेल, सळ्या चावून हिरड्यांतून रक्त येत असेल, भरलेल्या खेळण्याला त्याने तोंडही लावलं नसेल, तर हा हट्ट नव्हे, एकटेपणाची भीती आहे. अशा कुत्र्याला आणखी मजबूत पिंजऱ्यात घातलं तर तो दात आणि नखं मोडून घेतो. त्याला कोंडणं लगेच थांबवा, काही काळ कोणाची तरी सोबत द्या आणि पशुवैद्याला रेकॉर्डिंग दाखवा. यावर उपचार आहेत, गरज पडल्यास औषधंही आहेत. औषध मात्र मनाने देऊ नका.

दिवाळीचे फटाके आणि विसर्जनाच्या मिरवणुका या दिवसांसाठी वेगळा नियम ठेवा: त्या संध्याकाळी कुत्र्याला घरात एकटं ठेवायचं नाही.

शेजारी, सोसायटी आणि कायदा

एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे असू द्या. दारावर आतल्या बाजूला नको, बाहेरच्या बाजूला चिठ्ठी लावा: घरात कुत्रा आहे, अमुक खोलीत आहे, आणि तुमचा फोन नंबर. आग लागली किंवा गॅस गळाला, तर आत शिरणाऱ्याला हे आधी कळायला हवं. जवळच्या आणि रात्री उघड्या असणाऱ्या पशुवैद्यांचे नंबर त्याच शेजाऱ्याकडे देऊन ठेवा. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस वेळेवर असेल तर अडचणीच्या वेळी वाद वाढत नाहीत.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला हालचाल करता येणार नाही अशा अपुऱ्या पिंजऱ्यात ठेवणं, आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं आणि मालक असून पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा गुन्हा आहे. बाल्कनीत दिवसभर बांधलेला कुत्रा या कलमाच्या कक्षेत येऊ शकतो, तो कितीही लाडका असला तरी.

कुत्रा अजून आणायचा असेल, तर आधी एका आठवड्याचा हिशेब कागदावर मांडा: रोज घर किती तास रिकामं असतं आणि दुपारी डोकावणारं कोण आहे. रोजचे आठ-दहा तास रिकामे निघाले आणि डोकावणारं कोणीच नसेल, तर कुत्रा आणणं पुढे ढकला. आणि कुत्रा आधीच घरात असेल, तर येत्या सुट्टीच्या दिवशी कोपरा निवडा, कुंपण उभं करा, दार उघडं ठेवून त्याचं जेवण आत द्या. सुरुवात एवढ्यानेच करायची आहे, पण ती आजच ठरवा.